व्हेनिसमधील पाण्यावरची एस.टी. आणि आपला पास



आपल्या समाजातील मुले-मुली आज शिक्षणासाठी सातासमुद्रापार जात आहेत. कोणी महाराष्ट्र शासनाच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीवर जातो, कोणी बँकेचे कर्ज काढून जातो. मुलगी तिकडे असली की आई-वडिलांनाही वाटते, एकदा जाऊन यावे, तिचे विद्यापीठ डोळ्यांनी पाहावे. मग जमा केलेल्या पुंजीतून विमानाचे तिकीट निघते आणि गेल्यासरशी आजूबाजूचे एखादे शहरही पाहून होते. अशा वेळी सहल कंपनीबरोबर जाणाऱ्यांची गोष्ट निराळी. आपण मात्र आपल्या पायांनी, आपल्या हिशेबाने फिरणारी माणसे. आपल्याला प्रत्येक पैसा कुठे जातो हे कळले पाहिजे. म्हणून आमची फजिती आणि तिच्यातून शिकलेले शहाणपण आज या पानावर मांडत आहोत.

आमची पुतणी अशाच शिष्यवृत्तीवर जर्मनीत एम.एस्सी. करीत होती. २०२४ च्या जून महिन्यात आमचे थोरले बंधू, वहिनी आणि आम्ही तिच्याकडे गेलो. तिची परीक्षा आटोपल्यावर चौघे मिळून इटलीतील व्हेनिस शहर पाहायला निघालो. दादांचे गुडघे दुखतात, वहिनींना साखरेचा त्रास. तीन रात्रींचा मुक्काम आणि बेताचा खिसा, अशी आमची तयारी होती.

रस्ते नसलेले शहर

व्हेनिस हे समुद्राच्या खाजणात वसलेले शहर. शंभरावर लहान लहान बेटे, त्यांच्यामधून कालवे आणि त्या कालव्यांवर चारशेच्या आसपास पूल. १८४६ साली रेल्वेचा पूल झाला, १९३३ साली मोटारीचा. तोपर्यंत या शहरात जमिनीवरून जाताच येत नसे. आजही मोटारी आणि बस पियाझ्झाले रोमा नावाच्या चौकापर्यंत येतात आणि तेथेच थांबतात. पुढे एक तर पायी चालायचे, नाही तर होडीत बसायचे. भाजीपाला, टपाल, रुग्णवाहिका, अग्निशामक दल, सगळे पाण्यावरून.

तेथील सार्वजनिक बोटीला व्हापोरेत्तो म्हणतात. त्यांच्या भाषेत व्हापोरे म्हणजे वाफ. १८८१ साली ग्रँड कॅनॉल या मोठ्या कालव्यावर पहिली वाफेची प्रवासी बोट सुरू झाली, तेव्हा आपला धंदा बुडणार म्हणून गोंडोला वल्हविणाऱ्या नावाड्यांनी संप केला होता. पुढे वाफ गेली, डिझेल आले, पण नाव तेच राहिले. आपण नाही का अजून आगगाडी म्हणत? तसेच.

ही बोट म्हणजे पाण्यावरची एस.टी. समजा. तिला क्रमांक असतात, ठरलेले थांबे असतात, वेळापत्रक असते. थांबा म्हणजे पाण्यावर तरंगणारा धक्का. बोट आली की कर्मचारी दोर खांबाला गुंडाळतो, कठडा सरकवतो आणि माणसे चढतात-उतरतात. वृद्धांना, लेकुरवाळ्यांना आणि चाकांच्या खुर्चीवरील माणसालाही बोटीत सहज जाता येते, कारण धक्का आणि बोट पाण्याबरोबरच वर-खाली होतात. दादांसारख्या माणसाला पुलांच्या पायऱ्यांपेक्षा ही बोटच सोयीची.

आमची फजिती

पहिल्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास आम्ही रेल्वे स्थानकाबाहेर आलो. समोरच कालवा! तिकिटाच्या खिडकीपुढे रांग, मागून लोकांची घाई. आम्ही पुढे झालो, चार बोटे दाखविली आणि चार एकेरी तिकिटे घेतली. एकेरी तिकीट साडेनऊ युरो. चौघांचे झाले ३८ युरो. हे तिकीट शिक्का मारल्यापासून ७५ मिनिटे चालते. आम्ही रिआल्तोच्या प्रसिद्ध पुलापाशी उतरलो, पूल पाहिला, बाजार पाहिला, सावलीत बसून बरोबर आणलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. पुन्हा धक्क्यावर आलो तर ७५ मिनिटे केव्हाच उलटलेली. पुन्हा चार तिकिटे, पुन्हा ३८ युरो. सान मार्कोच्या चौकात पोहोचलो तेव्हा ७६ युरो खर्च झाले होते आणि परतीचा प्रवास बाकीच होता. त्या वेळी युरोचा भाव नव्वद रुपयांच्या घरात होता. म्हणजे तीन-चार तासांत जवळजवळ ६,८०० रुपये पाण्यात!

वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, एवढ्या पैशात आपली अख्खी आळी एस.टी.नं दीक्षाभूमीला जाऊन आली असती."

पुतणीने हळूच विचारले, "काका, तुम्ही बी.कॉम. ना?"

आम्ही कार्यालयात दुसऱ्यांची बिले तपासतो, अकरा रुपयांची तफावत निघाली तर फाईल परत पाठवतो. आणि येथे दरफलक न वाचता पैसे मोजून मोकळे झालो! दोष कोणाचाच नव्हता, फलक इंग्रजीतही लिहिलेला होता. रांगेत मागचा माणूस काय म्हणेल, या संकोचाने आम्ही घाई केली. मग तेथेच धक्क्याजवळ बसून कागद-पेन काढले.

पासाचा हिशेब

२०२४ मधले दर असे होते. एकेरी तिकीट साडेनऊ युरो. चोवीस तासांचा पास २५ युरो, अठ्ठेचाळीस तासांचा ३५, बहात्तर तासांचा ४५ आणि सात दिवसांचा ६५ युरो. पास असला की त्या मुदतीत कितीही वेळा चढा, कितीही वेळा उतरा.

आता गणित करू. दिवसात तीन वेळा बोटीत बसायचे तर एकेरी तिकिटांचे साडेअठ्ठावीस युरो होतात, पास पंचवीसचा. म्हणजे तिसऱ्या फेरीलाच पास वसूल. दोन दिवसांचा पास चौथ्या फेरीला, तीन दिवसांचा पाचव्या फेरीला आणि सात दिवसांचा सातव्या फेरीला वसूल होतो. रोजचा खर्च पाहिला तर एक दिवसाच्या पासात २५ युरो पडतात, दोन दिवसांच्या पासात साडेसतरा, तीन दिवसांच्यात १५ आणि सात दिवसांच्यात सव्वानऊच्या आसपास. मुक्काम जितका लांब, तितका पास स्वस्त. उलट, ज्यांचे पाय धड आहेत आणि जे एकच दिवस राहणार आहेत, त्यांनी पास काढूच नये. स्थानकापासून रिआल्तोपर्यंत पायी वीस-पंचवीस मिनिटे लागतात, आणि व्हेनिसची खरी मजा बोळांतून चालण्यातच आहे. एक फेरी बोटीची, बाकी पायी, असे केले की काम भागते.

तरुणांसाठी आणखी एक सवलत आहे. सहा ते एकोणतीस वर्षे वयाच्या कोणालाही, मग तो कोणत्याही देशाचा असो, रोलिंग व्हेनिस नावाचे कार्ड मिळते. ते घेतले की बहात्तर तासांचा पास कार्डासह ३३ युरोंना पडत होता. वयाचा पुरावा म्हणून पासपोर्ट जवळ हवा. पुतणीने ते कार्ड काढले, आम्ही तिघांनी पूर्ण दराचे पास घेतले. एकूण १६८ युरो. पुढच्या तीन दिवसांत आम्ही किती वेळा बोटीत चढलो, हे मोजायचेही सोडून दिले.

वाचकांपैकी अनेकांनी एस.टी.चा 'आवडेल तेथे प्रवास' हा चार किंवा सात दिवसांचा पास वापरला असेल. अगदी तोच प्रकार. एकदा पैसे भरले की मन मोकळे होते. चुकीच्या थांब्यावर उतरलो तरी चिंता नाही, मागून येणारी बोट आहेच. पैशाच्या धास्तीने एकाच ठिकाणी बसून राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना तर पासाचा फार मोठा आधार वाटतो. पहिल्या दिवशी "तुम्ही जाऊन या, मी बसतो इथंच" म्हणणारे दादा दुसऱ्या दिवशी सर्वांच्या आधी धक्क्यावर उभे होते.

कोणती बोट धरावी?

क्रमांक १ ची बोट ग्रँड कॅनॉलमधून जवळजवळ प्रत्येक धक्क्यावर थांबत जाते. स्थानकापासून सान मार्कोपर्यंत तिला पाऊण तास लागतो. वेगळी महागडी सहल घेण्याची गरजच उरत नाही, दोन्ही काठांवरचे जुने वाडे बसल्या जागी दिसतात. क्रमांक २ ची बोट कमी थांबे घेते, घाई असेल तर ती धरावी. शहराच्या उत्तर काठावर फोंडामेंते नोव्हे हा धक्का आहे. तेथून क्रमांक १२ ची बोट मुरानो आणि बुरानो या बेटांकडे जाते. मुरानोत काचेचे काम चालते, बुरानोत घरे रंगीबेरंगी आणि बायका लेस विणण्यात निष्णात. बुरानोला पाऊण तास लागतो, म्हणून सकाळीच निघावे.

गोंडोलात बसण्याचा मोह अनेकांना होतो. अर्ध्या तासाचे सरकारी भाडे २०२३ च्या अखेरीपासून दिवसा ९० युरो आहे. आम्ही तो नाद केला नाही. त्याऐवजी त्राघेत्तो नावाची साधी होडी मोठा कालवा ओलांडून देते, तिचे दोन युरो. दोन मिनिटांची गंमत, पण गोंडोलाच ती! पास मात्र तेथे चालत नाही.

रहिवाशांचे भाडे आणि आपले भाडे

आमच्या शेजारी उभ्या असलेल्या एका आजीबाईंनी यंत्रावर कार्ड टेकवले आणि बोटीत चढल्या. पुतणीने माहिती काढली. कायमचे कार्ड काढलेल्या तेथील लोकांना एका फेरीला दीड युरोच्या आसपास पडतात. आपल्याला साडेनऊ! वहिनी रागावल्या. "म्हणजे आपल्याला सहापट? हा कुठला न्याय?"

आम्हीही क्षणभर चिडलो. पण विचार केला. १९५१ साली या जुन्या शहरात पावणेदोन लाखांच्या घरात लोक राहत होते. २०२२ साली तो आकडा पन्नास हजारांच्या खाली गेला. घरांची हॉटेले झाली, भाडी वाढली, कामकरी माणसे शहर सोडून गेली. दूध आणायला, शाळेत जायला, दवाखान्यात जायला ज्यांना रोज बोट लागते, त्यांना साडेनऊ युरो कसे परवडतील? सर्वांना एकच दर लावणे म्हणजे समता, असे आपल्याला तरी कोणी शिकवू नये. सवलतीचा अर्थ आपल्या समाजाला पुरता ठाऊक आहे. चार दिवसांच्या पाहुण्याने दोन पैसे जास्त दिले आणि त्या आजीबाईंची बोट चालू राहिली, तर त्यात वावगे काय?

दादा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "जास्तीचं भाडं आपल्या लोकांनीही भरलंय. पण ते निराळं होतं."

आम्हाला लगेच कळले ते कशाविषयी बोलत आहेत. १९०१ साली लहानगे भीमराव भावंडांसह वडिलांना भेटायला निघाले. मसूर स्थानकावर उतरले. ही मुले महार आहेत हे कळताच एकही गाडीवान त्यांना गाडीत घ्यायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे कबूल केले, तेव्हा एक जण राजी झाला, आणि तोही अशा अटीवर की गाडी मुलांनीच हाकायची, तो बाजूने चालणार! पुढे १९२९ साली चाळीसगावला काय घडले? बाबासाहेब तोवर विलायतेहून बॅरिस्टर होऊन आलेले, सरकारी समितीचे सदस्य. तरी टांगेवाल्याने त्यांचा टांगा हाकायला नकार दिला. आपल्याच लोकांपैकी एकाने सवय नसताना लगाम हाती घेतला आणि मोरीवर टांगा कलंडून बाबासाहेबांच्या पायाला जबर दुखापत झाली. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे.

तेथे भाडे दुप्पट देऊनही जागा हक्काची नव्हती. येथे भाडे जास्त आहे ते पाहुणा म्हणून, जन्मावरून नाही. आणि एकदा पास यंत्रावर टेकवला की बाकावर कोणाशेजारी बसायचे, हे कोणी विचारत नाही.

त्याच कालव्यावरची दुसरी बोट

शेवटच्या दिवशी पासाची मुदत संपायच्या आत आम्ही गुल्ये नावाच्या धक्क्यावर उतरलो. तेथून काही पावलांवर घेट्टो आहे. जगभर वंचितांच्या कोंडवाड्याला जो 'घेट्टो' शब्द वापरतात, तो याच वस्तीच्या नावावरून आला. पूर्वी तेथे धातू ओतण्याचा कारखाना होता, त्यावरून हे नाव पडले असे सांगतात.

१५१६ साली व्हेनिसच्या सरकारने हुकूम काढून सर्व ज्यूंना या चिमुकल्या बेटावर राहायला लावले. संध्याकाळी वेशीचे दरवाजे बंद, सकाळी उघडणार. अंगावर पिवळी खूण घालण्याची सक्ती. दिवसा त्यांच्या वैद्यांची आणि सावकारांची शहराला गरज, रात्री मात्र ते कोंडलेले. आणि सर्वांत बोचणारी गोष्ट अशी की रात्रभर बेटाभोवतीच्या कालव्यात पहाऱ्याच्या दोन होड्या फिरत आणि त्या होड्यांचा व पहारेकऱ्यांचा खर्च ज्यूंकडूनच वसूल केला जाई! आपल्याच पैशाने आपल्यालाच कोंडणारी बोट!

वस्ती वाढली पण जागा वाढू दिली नाही, म्हणून घरांवर घरे चढली. सहा-सात मजल्यांच्या त्या बुटक्या छतांच्या इमारती अजून उभ्या आहेत. १७९७ साली नेपोलियनच्या फौजेने दरवाजे पाडले. पण माणसाच्या मनातले दरवाजे इतक्या सहज पडत नाहीत. १९४३-४४ मध्ये याच शहरातून दोनशेहून अधिक ज्यूंना छळछावण्यांकडे नेण्यात आले. चौकातल्या भिंतीवर त्यांचे स्मारक आहे.

दादा त्या चौकातल्या बाकावर बसले. आमचे वडील सांगत ती हकीकत त्यांनी पुतणीला सांगितली. वडील तरुण असताना तालुक्याला जायचे तर मैलोन् मैल पायी जावे लागे, कारण बैलगाडीवाला आपल्या माणसाला गाडीत घेत नसे. मग गावात पहिल्यांदा एस.टी. आली. वडिलांनी तिकीट काढले आणि ज्याने गाडीत घेतले नव्हते, त्याच्याच शेजारच्या जागेवर बसले. तो माणूस उठून उभा राहिला आणि तालुक्यापर्यंत उभाच गेला. वडील मात्र बसून गेले. ते तिकीट त्यांनी बरेच दिवस फेट्याच्या घडीत जपून ठेवले होते.

पुतणी म्हणाली, "आबा, हे तुम्ही मला कधी सांगितलंच नाही."

दादा म्हणाले, "आज बोटीत बसलो म्हणून आठवलं."

परतताना ज्या कालव्यातून आम्ही गेलो, तेथून जवळच कधी काळी पहाऱ्याच्या होड्या फिरत होत्या. आमच्या बोटीत तेथील आजीबाया होत्या, आफ्रिकेतील दोन मजूर होते, शाळेची मुले होती आणि आम्ही चौघे होतो. सगळ्यांचे कार्ड एकाच यंत्रावर टेकलेले.

जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे

१. दर बदलत असतात. वर दिलेले आकडे २०२४ चे आहेत. निघण्यापूर्वी ताजे दर पाहून, घरीच कागदावर फेऱ्यांचा अंदाज काढावा.

२. पास पियाझ्झाले रोमा आणि रेल्वे स्थानकाजवळच्या खिडकीवर, यंत्रावर किंवा तंबाखूच्या दुकानांतही मिळतो. मोबाईलवरही काढता येतो.

३. मुदत विकत घेतल्यापासून नव्हे, पहिल्यांदा यंत्रावर टेकवल्यापासून सुरू होते. सकाळी अकराला टेकवला तर चोवीस तासांचा पास दुसऱ्या दिवशी अकरापर्यंत चालतो. म्हणून पहिली फेरी विचारपूर्वक करावी.

४. प्रत्येक वेळी चढण्यापूर्वी पास यंत्रावर टेकवावा. विसरलात तर तपासनीस दंड करतो, सबब ऐकत नाही.

५. लहान धक्क्यावर तिकीट मिळत नसेल तर बोटीत पाय ठेवताच कर्मचाऱ्याकडे मागावे. नंतर मागितले तर विनातिकीट धरतात.

६. पास प्रत्येकाचा स्वतंत्र हवा. सहा वर्षांखालील मुले फुकट.

७. विमानतळाहून येणाऱ्या बोटी वेगळ्या कंपनीच्या आहेत, तेथे हा पास चालत नाही.

८. जवळच्या मेस्त्रे भागात हॉटेले स्वस्त मिळतात आणि तेथील शहर बस व ट्रामला हाच पास चालतो. रेल्वेला चालत नाही.

९. २०२४ पासून गर्दीच्या ठरावीक दिवशी, मुक्काम न करता येणाऱ्यांना शहरात प्रवेशाचे शुल्क भरावे लागू लागले. ते पासात धरलेले नसते.

आणि शेवटचे. रांगेत मागे कोण उभे आहे याची भीड न बाळगता फलक पूर्ण वाचावा, समजले नाही तर दोनदा विचारावे. आपले आजोबा विचारू शकत नव्हते, आपण विचारू शकतो. आम्ही त्या संकोचापायी ७६ युरो घालविले, तुम्ही घालवू नका.

दादांचा पास त्या दुपारी संपला. आम्ही आमचा कचऱ्याच्या डब्यात टाकला. दादांनी आपला दुमडून सदऱ्याच्या खिशात ठेवला.

जयभीम!